जुन्या मॅकवर ‘ओपन’ आणि ‘सेव्ह’च्या खिडक्या दर वेळी भलत्याच फोल्डरात उघडतात : कारणे आणि उपाय

आधी लक्षण नेमके सांगतो, कारण या तक्रारीत वरवर सारखे दिसणारे किमान तीन वेगळे आजार असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. माझ्याकडे मॅकिन्टॉश एलसी ४७५ आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये बाजारात आलेले हे यंत्र २५ मेगाहर्ट्‌झच्या ६८एलसी०४० प्रोसेसरवर चालते आणि माझ्या यंत्रावर सिस्टिम ७.५.३ (‘सिस्टिम’ म्हणजे मॅकची त्या काळची कार्यप्रणाली) आहे. नव्वदच्या दशकात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छपाईखान्यासाठी मी दिवाळी अंकांची पाने लावत असे. त्या पानांच्या मूळ फायली युनिकोडपूर्व देवनागरी फाँटमध्ये आहेत आणि आजच्या संगणकावर उघडल्या की अक्षरांची रांगोळी होते, म्हणून हे यंत्र अजून चालते ठेवले आहे.

आता प्रसंग पाहा. पानाची मांडणी करणारा प्रोग्रॅम चालू केला, ‘ओपन’ म्हटले, आणि चार पायऱ्या उतरून ‘पाने’ या फोल्डरातून त्रेचाळिसावे पान उघडले. त्यात एक छायाचित्र बसवायचे होते, म्हणून पुन्हा वर चढून दुसऱ्या फांदीवरच्या ‘स्कॅन’ या फोल्डरात गेलो आणि चित्र आणले. त्यानंतर पान नव्या नावाने ठेवण्यासाठी ‘सेव्ह अ‍ॅज’ म्हटले, तर खिडकी उघडली ती ‘स्कॅन’मध्ये. हात सवयीने रिटर्नवर पडला आणि पान दोनशे चित्रांच्या गर्दीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते शोधण्यात अर्धा तास गेला. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला, तर ‘ओपन’ची खिडकी थेट प्रोग्रॅमच्याच फोल्डरात, म्हणजे मदतीच्या फायली आणि शब्दकोशांच्या ढिगात उघडली. एकदा नीट केले तरी दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

हा प्रोग्रॅमचा दोष नाही. मॅकवर ही खिडकी प्रोग्रॅम स्वतः काढत नाही. ती सिस्टिममधल्या ‘स्टँडर्ड फाईल’ नावाच्या संचाकडून मागून घेतली जाते. १९८४ च्या पहिल्या मॅकवर ४०० किलोबाइटची फ्लॉपी होती आणि तिच्यावरची फाईल-रचना सपाट होती. फाइंडर, म्हणजे फायली हाताळण्याचा मॅकचा मूळ प्रोग्रॅम, पडद्यावर फोल्डर दाखवत असे, पण तो देखावाच होता. ‘ओपन’च्या खिडकीत डिस्कवरच्या सगळ्या फायली एकाच यादीत येत, आणि त्यामुळे दोन वेगळ्या फोल्डरांतही एकाच नावाच्या दोन फायली ठेवता येत नसत. चाळीस-पन्नास फायलींच्या डिस्कला ती यादी पुरेशी होती. पुढे हार्ड डिस्क आली, तिच्यासाठी सप्टेंबर १९८५ मध्ये श्रेणीबद्ध फाईल-रचना आली, १९८६ च्या मॅक प्लसने ती घरोघरी पोहोचवली, आणि फोल्डरात फोल्डर खरोखर बसू लागले. खिडकीत मात्र फार थोडे बदलले: यादीच्या वर एक पॉप-अप मेनू आला, ज्यातून वरच्या पायऱ्यांवर जाता येते, इतकेच. ती आकाराने लहानच राहिली, तिची कडा ओढून मोठी करता येत नाही आणि ती जागची हलवताही येत नाही.

मूळ गोम स्मरणात आहे. स्टँडर्ड फाईल चालू प्रोग्रॅमपुरती फक्त एक डिस्क आणि एक फोल्डर लक्षात ठेवते. उघडणे, ठेवणे, चित्र आणणे, शब्दकोश निवडणे या सगळ्यांसाठी ती एकच नोंद वापरली जाते, आणि प्रोग्रॅम बंद केला की तीही पुसली जाते. वरच्या प्रसंगातल्या दोन्ही गोष्टी, म्हणजे पान चित्रांत जाणे आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून चढउतार करावी लागणे, यातूनच निघतात. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून जी छोटी उपकरणे, म्हणजे सिस्टिमच्या कामात भर घालणारे छोटे प्रोग्रॅम, लोकांनी घरी बसून लिहिली आणि शेअरवेअर म्हणून (आधी वापरून पाहा, आवडल्यास पैसे पाठवा या बोलीवर) वाटली, त्यांतली बहुतेक याच एका नोंदीवर काम करतात.

तरीही शोधायला निघण्याआधी घरात काय आहे ते पाहावे, कारण सिस्टिम ७.५ वापरणाऱ्या बऱ्याच जणांची अवस्था काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी असते. ‘जनरल कंट्रोल्स’ हे कंट्रोल पॅनेल उघडा. त्यात ‘डॉक्युमेंट्स’ या शीर्षकाखाली तीन पर्याय आहेत: प्रोग्रॅमने ठरवलेले फोल्डर, त्या प्रोग्रॅममध्ये शेवटी वापरलेले फोल्डर, किंवा ‘डॉक्युमेंट्स’ नावाचे एक ठरीव फोल्डर. दुसरा पर्याय निवडला की प्रोग्रॅम बंद करून उघडल्यावरचा त्रास बऱ्याच अंशी संपतो. उघडण्याची आणि ठेवण्याची जागा एकच मानली जाण्याचा त्रास मात्र यानेही जात नाही.

दुसरी गोष्ट कीबोर्डची. सिस्टिम ७ मध्ये खिडकी उघडी असताना कमांड आणि डी दाबले की डेस्कटॉपवर जाता येते; कमांड आणि वरचा बाण एक पायरी वर नेतो, खालचा बाण निवडलेल्या फोल्डरात शिरतो; नावाची पहिली एक-दोन अक्षरे भराभर टाइप केली की यादी त्या नावावर उडी मारते. उजवीकडे डिस्कचे जे नाव दिसते त्यावर क्लिक केले तरी एक पायरी वर जाता येते, हे कित्येक वर्षे हे यंत्र वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते. ‘सेव्ह’च्या खिडकीत टॅब दाबला की लक्ष नावाच्या चौकटीतून यादीकडे जाते, ते न केल्यास टाइप केलेली अक्षरे फाईलच्या नावात जमा होतात आणि मग ‘पान’ऐवजी ‘पस्कपान’ अशा फायली जन्माला येतात. नेहमीच्या चार-पाच फोल्डरांचे अलायस (मूळ फोल्डराकडे नेणारी चिन्हे) करून ते डेस्कटॉपवर ठेवावेत, त्यांची नावे वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होतील असे पाहावे, आणि कमांड-डी, एक अक्षर, रिटर्न एवढ्यात मुक्कामी पोहोचावे. निम्म्या लोकांचे काम एवढ्याने भागेल असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि ज्यांचे भागेल त्यांनी पुढचा उपद्व्याप करू नये, कारण जुन्या मॅकवर घातलेले प्रत्येक एक्स्टेन्शन (यंत्र सुरू होताना सिस्टिमला जोडला जाणारा छोटा प्रोग्रॅम) पुढे कधी ना कधी संशयित म्हणून उभे करावे लागते.

ज्यांचे भागणार नाही, त्यांनी कोणते उपकरण शोधावे? या क्षेत्रातले मूळ नाव बूमरँग. हिरोआकी यामामोतो यांनी लिहिलेले हे उपकरण शेवटची फाईल आणि शेवटचे फोल्डर लक्षात ठेवून खिडकी उघडताच तिथे परत नेत असे. नाव त्यावरूनच पडले. पुढे त्याची वाढलेली आवृत्ती सुपर बूमरँग या नावाने नाऊ सॉफ्टवेअर कंपनीच्या नाऊ युटिलिटीज या संचात आली, म्हणजे ती शेअरवेअर न राहता विकत घेण्याची वस्तू झाली. नॉर्टन युटिलिटीजच्या मॅक आवृत्तीतले डिरेक्टरी असिस्टन्स हेही असेच संचातून येणारे उपकरण होते. सुट्या शेअरवेअरमध्ये माझी पहिली पसंती सेंट क्लेअर सॉफ्टवेअरच्या जॉन गोटो यांच्या डीफॉल्ट फोल्डरला आहे. ते प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळे ठरीव फोल्डर नेमू देते, अलीकडे वापरलेल्या फोल्डरांचा मेनू खिडकीतच देते, आणि मला हवे होते नेमके तेच करते. त्याच लेखकाचे डीफॉल्ट फोल्डर एक्स हे उपकरण पुढे मॅक ओएस एक्ससाठी आले, त्यामुळे शोधताना दोन्हींची गल्लत होते. नावाच्या शेवटी एक्स असेल तर ते आपल्या यंत्रासाठी नाही.

याखेरीज खिडकी उंच करणारी, तिची अक्षरे बदलणारी, यादीची सरकपट्टी जिथे सोडली होती तिथेच ठेवणारी, मागे दिसणाऱ्या फाइंडरच्या खिडकीवर क्लिक केल्यास तिथले फोल्डर उचलणारी अशी एकेका कामाची कितीतरी उपकरणे होती. एकेक काम करणारी उपकरणे लहान असतात आणि मोहात पाडतात. त्यांतले एकच निवडावे. का, ते पुढे येईलच.

शोधताना लोक हमखास एक चूक करतात. आजच्या सवयीने ते ‘फाईल डायलॉग’ असे शब्द शोधयंत्रात टाकतात आणि रिकाम्या हाताने परततात. त्या काळातल्या लेखकांनी आपल्या उपकरणाचे वर्णन करताना ‘स्टँडर्ड फाईल’ किंवा ‘ओपन आणि सेव्हच्या खिडक्या’ असे शब्द वापरले आहेत आणि फायलींची नावे तर बऱ्याचदा ‘एसएफ’ या दोन अक्षरांनीच सुरू होतात. शोध याच शब्दांनी घ्यावा. त्याचबरोबर प्रकारही सांगावा: सिस्टिम ६ च्या काळातले उपकरण ‘इनिट’ किंवा ‘सीडेव्ह’ म्हणून नोंदलेले असते, सिस्टिम ७ नंतरचे ‘एक्स्टेन्शन’ किंवा ‘कंट्रोल पॅनेल’ म्हणून. जागा म्हणाल तर स्टॅनफर्डच्या सुमेक्स संगणकावर वाढलेला इन्फो-मॅक हा संग्रह सर्वांत शिस्तीचा होता आणि त्याच्या प्रती जगभरच्या विद्यापीठांतून ठेवल्या जात. त्यातल्या ‘जीयूआय’ आणि ‘सीएफजी’ या विभागांत धुंडाळावे. त्या काळी शेअरवेअरच्या संग्रह-सीड्या निघत असत. बर्कलीच्या मॅक वापरकर्त्यांच्या मंडळाची, म्हणजे बीएमयूजीची, सीडी त्यांपैकी एक. अशा सीड्यांच्या प्रतिमा आता इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात, आणि सुटी उपकरणे मॅकिन्टॉश गार्डन या संकेतस्थळावर. आपल्याकडे संगणक-मासिकांबरोबर येणाऱ्या ज्या सीड्या घरोघरी पडून आहेत, त्यांत या कामाचे काही सापडेल अशी आशा धरू नये. मी पेटारा भरून चाळल्या, जवळजवळ सगळा माल विंडोजचा निघाला.

सापडल्यावर खरा खोळंबा सुरू होतो. मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न असा: उपकरण उतरवून घेतले, आजच्या संगणकावर उलगडले, फ्लॉपीवर टाकून मॅकवर नेले, तर कोऱ्या कागदाचे चित्र दिसते आणि आकार शून्य किलोबाइट. उपकरण खराब नाही. वाटेत त्याचा जीव गेला आहे. जुन्या मॅकवरची फाईल दोन शाखांची असते, एक डेटाची आणि एक रिसोर्सची. कागदपत्रांचा मजकूर बहुधा पहिल्या शाखेत असतो, पण त्या पिढीच्या प्रोग्रॅमचे, इनिटचे आणि कंट्रोल पॅनेलचे सगळे सर्वस्व, म्हणजे सूचना, चिन्हे, खिडक्यांचे साचे, दुसऱ्या शाखेत राहते. विंडोज किंवा लिनक्सच्या फाईल-रचनेला ही दुसरी शाखा माहीतच नसते, म्हणून तिथे उलगडताक्षणी ती गळून पडते आणि हाती कवच राहते.

म्हणून नियम एकच: उतरवून घेतलेला बांधलेला गठ्ठा मॅकवर पोहोचेपर्यंत सोडू नये. बिनहेक्स ४.० आणि मॅकबायनरी ही वेष्टने नेमकी याच कारणासाठी निघाली होती. बिनहेक्सची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. शंका आल्यास ती कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून पाहावी. सुरुवातीलाच ‘ही फाईल बिनहेक्स ४.० ने रूपांतरित केली पाहिजे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ कंसात दिसली आणि त्याखाली अपूर्णविरामाने सुरू होणारा अगम्य अक्षरांचा ठोकळा शेवटपर्यंत सलग असला, तर वेष्टन शाबूत आहे असे समजावे. नाव एचक्यूएक्स या बिनहेक्सच्या खुणेने संपते पण आत वेबपानाचा मजकूर भरला आहे, असेही मी पाहिले आहे. तेव्हा उतरवतानाच चूक झालेली असते.

स्टफिट या फायली आवळून बांधणाऱ्या प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यांत आणखी एक खोडा आहे. १९९८ मध्ये आलेल्या स्टफिट ५ ने गठ्ठ्याची रचनाच बदलली आणि गठ्ठे सोडणाऱ्या एक्स्पांडर या प्रोग्रॅमच्या त्याआधीच्या आवृत्त्यांना ती वाचता येत नाही. उपकरण १९९२ चे असले तरी ते नंतर कुणी पुन्हा बांधून ठेवलेले असू शकते, म्हणून एक्स्पांडर ‘फाईल खराब आहे’ म्हणाला तर लगेच विश्वास ठेवू नये. आपल्या सिस्टिमवर चालणारी त्याची सर्वांत नवी आवृत्ती आधी घालून पाहावी. गठ्ठ्यावर डबल-क्लिक करूनही काही होत नसेल, तर फाईलचा चार अक्षरी प्रकार-संकेत हरवलेला असतो. रेसएडिट या रिसोर्स-संपादकात ‘गेट इन्फो’ने फाईल उघडून तो भरता येतो: जुन्या स्टफिट गठ्ठ्यासाठी एस, आय, टी आणि उद्गारचिन्ह. अक्षरे मोठ्या लिपीतलीच हवीत, आणि उद्गारचिन्हाआधी मोकळी जागा नको.

फ्लॉपीबद्दल एवढेच, की आजच्या यूएसबी ड्राइव्हवर १.४४ मेगाबाइटचीच लिहिता येते. मॅकच्या ८०० किलोबाइटच्या फ्लॉपीसाठी ड्राइव्हला फिरण्याचा वेग बदलावा लागतो आणि ते या ड्राइव्हना जमत नाही, त्यामुळे मूळ मॅक प्लसवाल्यांनी हा मार्ग सोडून द्यावा. सिस्टिम ७.५ मध्ये ‘पीसी एक्स्चेंज’ असल्याने डॉसची १.४४ ची फ्लॉपी थेट वाचली जाते. ज्यांनी हार्ड डिस्कच्या जागी ब्लूस्कझीसारखे कार्ड बसवले आहे, त्यांना डिस्कची प्रतिमाच बदलता येते आणि ही सगळी कटकट वाचते. मी स्वतः कोणतेही नवे उपकरण आधी बॅसिलिस्क २ या एम्युलेटरमध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या मॅकचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून पाहतो. तिथे बाँब (प्रोग्रॅम कोसळल्यावर मॅक दाखवतो ती सूचना) आला तर एक खिडकी बंद करावी लागते. खऱ्या यंत्रावर आला तर तीस वर्षांच्या डिस्कची धडधड ऐकत बसावे लागते.

आता बसवणे. कंट्रोल पॅनेल किंवा एक्स्टेन्शन सिस्टिम फोल्डरच्या चिन्हावर सोडावे. योग्य पोटफोल्डरात ठेवू का, असे फाइंडर विचारतो, त्याला हो म्हणावे आणि यंत्र पुन्हा चालू करावे. सुरू होताना खालच्या ओळीत त्या उपकरणाचे चिन्ह उमटते का ते पाहावे. चिन्ह उमटले आणि त्यावर फुली असली, तर बऱ्याचदा ते तुमच्या सिस्टिमसाठी नाही किंवा ते त्याच्याच मांडणीत बंद ठेवलेले आहे. अजिबात उमटले नाही, तर बहुधा प्रकार-संकेत चुकलेला असतो आणि सिस्टिमने त्या फाईलकडे ढुंकूनही पाहिलेले नसते. पण काही लेखकांनी चिन्ह दाखवलेच नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

चिन्ह नीट उमटते, पण खिडकी पूर्वीसारखीच वागते किंवा ठरावीक प्रोग्रॅममध्ये बाँब येतो, हा वारंवार येणारा आणि खरा गुंतागुंतीचा भाग आहे. ही सगळी उपकरणे सिस्टिमच्या एकाच दारात उभी राहतात. प्रोग्रॅम स्टँडर्ड फाईलला हाक मारतो तेव्हा ती हाक मधल्यामध्ये अडवणे, आपले काम करणे आणि मग मूळ संचाकडे सोपवणे, अशी त्यांची रीत. दोन उपकरणे एकाच दारात उभी केली, तर नंतर आलेले आधीच्यासमोर उभे राहते. माझ्या यंत्रावर असेच झाले होते. एक छोटे उपकरण खिडकी उंच करत होते आणि दुसरे तिच्यात मेनू घालत होते. शब्द-संपादकात दोघे गुण्यागोविंदाने नांदले, पण मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये ‘कॅन्सल’चे बटण ‘ओपन’च्या बटणावर अर्धे चढून बसले आणि मी ‘कॅन्सल’ दाबले की फाईल उघडे.

कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. बरेच प्रोग्रॅम सिस्टिमची खिडकी जशीच्या तशी वापरत नाहीत. स्वतःचा साचा देतात, त्यात जादा बटणे, खुणेच्या चौकटी, फाईल-प्रकाराचे मेनू असतात. खिडकी उंच करणारे उपकरण प्रत्येक घटकाची जागा मोजून सरकवते, आणि जो साचा त्याने कधी पाहिलेला नाही तिथे त्याचा हिशेब चुकतो. त्यावर दुसऱ्या उपकरणाने आपला मेनू रंगवला की जे दिसते ते एका जागी आणि जे क्लिक होते ते दुसऱ्या जागी, अशी अवस्था होते. शेवटी उंची वाढवणारे काढून टाकले. खिडकीला हात लावणारे एकच उपकरण ठेवावे, असे वर म्हटले ते यामुळे. तेवढ्यानेही एखाद्या प्रोग्रॅममध्ये त्रास राहिला, तर उपकरणाच्या मांडणीत त्या प्रोग्रॅमला वगळण्याची सोय आहे का ते पाहावे. चांगल्या लेखकांनी ती दिलेली असते.

संशयित ठरवण्याची रीत अशी. यंत्र सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. सगळी एक्स्टेन्शने बंद राहतात. त्रास तरीही आला, तर आपले उपकरण निर्दोष आहे. त्रास गेला, तर सिस्टिम ७.५ बरोबर आलेल्या एक्स्टेन्शन्स मॅनेजरमध्ये निम्मी चालू करा, पुन्हा सुरू करा, दोषी कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवा आणि त्याचे पुन्हा दोन भाग करा. बत्तीस एक्स्टेन्शनांसाठी पाच फेऱ्या पुरतात, असे कागदावरचे गणित सांगते. दोन उपकरणांचे आपसातले भांडण असेल तर मात्र दोघे वेगवेगळ्या अर्ध्यांत पडतात, दोन्ही अर्धे निर्दोष दिसतात आणि माणूस चक्रावतो. अशा वेळी ज्याच्यावर दाट संशय आहे ते प्रत्येक फेरीत चालूच ठेवावे आणि बाकीच्यांचे दोन भाग करावेत. हाताने हे करण्याचा कंटाळा असल्यास कॅसेडी अँड ग्रीनचे कॉन्फ्लिक्ट कॅचर हेच काम विचारून विचारून करून घेते.

क्रमाचाही उपयोग होतो. सिस्टिम ७ आधी ‘एक्स्टेन्शन्स’ फोल्डरातली उपकरणे चढवते, मग ‘कंट्रोल पॅनेल्स’मधली, शेवटी सिस्टिम फोल्डरात सुटी ठेवलेली, प्रत्येक फोल्डरात वर्णानुक्रमाने. म्हणून नावाआधी एक मोकळी जागा टाकली की उपकरण आपल्या फोल्डरात पहिले चढते आणि नावाआधी लाटेसारखे टिल्ड चिन्ह टाकले की शेवटी. सोबतच्या वाचा-मला फाईलमध्ये लेखकाने नाव बदलू नका असे बजावले असेल तर मात्र ऐकावे. काही उपकरणे स्वतःला नावानेच शोधतात.

मॅक ओएस ८.५ किंवा त्यापुढचे वापरणाऱ्यांसाठी निदान वेगळे आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत ‘नेव्हिगेशन सर्व्हिसेस’ नावाची नवी खिडकी आली: हलवता येणारी, ताणता येणारी, आवडीच्या आणि अलीकडच्या जागांची बटणे असलेली. ज्या प्रोग्रॅमांनी ती स्वीकारली त्यांनाच ती मिळते. जुने प्रोग्रॅम त्याच यंत्रावर जुनीच खिडकी दाखवत राहतात. १९९४ चे उपकरण नव्या खिडकीला ओळखत नाही. त्यामुळे ‘एका प्रोग्रॅममध्ये चालते, दुसऱ्यात चालत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी खिडकी कडेला धरून ताणून पाहावी. ताणली गेली तर तुम्हाला दोन्ही खिडक्या जाणणारी, नंतरची आवृत्ती हवी आहे. डीफॉल्ट फोल्डरच्या नंतरच्या आवृत्त्यांनी दोन्ही सांभाळल्या.

आणखी एक चमत्कारिक तक्रार: काल बसवलेले शेअरवेअर आज मुदत संपली म्हणून सांगते. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असली की यंत्र बंद केल्यावर घड्याळ मागे जाते, कुठे १९०४ मध्ये तर कुठे १९५६ मध्ये. उपकरण १९९७ ची तारीख पाहून बसले आणि दुसऱ्या दिवशी १९५६ दिसले, तर त्याने फसवणुकीचा संशय घेतला तर नवल नाही. बॅटरी ३.६ व्होल्टची, अर्ध्या पेन्सिल सेलच्या आकाराची. ती बदला, तारीख लावा आणि मगच उपकरण बसवा. एलसी ४७५ मध्ये तर मेलेल्या बॅटरीने पडदाच काळा राहतो, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न आपोआप आधी सुटतो. बॅटरी फुटून बोर्ड खाते, तेव्हा ती गेली नसली तरी एकदा पेटी उघडून पाहाच.

नोंदणीचे पैसे कुणाला द्यायचे हा प्रश्न उरतो. त्या काळी पुण्यातून वीस डॉलर अमेरिकेला पाठवणे म्हणजे बँकेत फॉर्म भरून ड्राफ्ट काढणे होते, आणि ड्राफ्टचा खर्च पाहून बहुतेकांनी नाद सोडला, मीही त्यातलाच. १९९४ पासून बऱ्याच शेअरवेअर लेखकांचे पैसे गोळा करणारी कागी ही कंपनी २०१६ मध्ये बंद पडली, त्यामुळे वाचा-मला फाईलमधला तो मार्ग आता कुठेही जात नाही. लेखक अजून कार्यरत असेल तर त्याला सरळ विचारावे. काहींनी जुन्या आवृत्त्या मोफत सोडल्या आहेत, आणि तसे त्यांनी स्वतः लिहिलेले सापडेपर्यंत ते गृहीत धरू नये.

सध्या माझ्या यंत्रावर ‘जनरल कंट्रोल्स’मधला दुसरा पर्याय, डेस्कटॉपवर पाच अलायस आणि मांडणीच्या प्रोग्रॅमपुरते एक नेमलेले फोल्डर एवढेच आहे. पाने पानांत जातात. एकच खुसपट अधूनमधून निघते: फ्लॉपीवरून फाईल उघडून ती फ्लॉपी काढून घेतली की पुढच्या ‘ओपन’ला यंत्र तीच फ्लॉपी पुन्हा मागते, कारण लक्षात ठेवलेले फोल्डर तिच्यावर असते. तेव्हा कमांड आणि पूर्णविराम दाबून ती मागणी रद्द करावी, एकदा हार्ड डिस्कवरच्या कोणत्याही फोल्डरात जाऊन फाईल उघडावी आणि अलीकडच्या फोल्डरांच्या यादीतून फ्लॉपीचे नाव काढून टाकावे.